घरात मरू देण्याबाबत

मी, निशिकांत मनोहर घैसास, वय एकाहत्तर, तुआसच्या जहाजदुरुस्ती यार्डातून निवृत्त झालेला इंजिनिअर, सध्या वुडलँड्सला मादाम लिम यांच्या फ्लॅटमध्ये भाड्याच्या खोलीत राहणारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझा मुलगा कुशल याला शंका येणारच. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते भाबडेपणाने केले होते.

१. घर. मला घर नाही. पत्नी संजीवनी आणि मी यिशुनचा फ्लॅट विकून पैसे कुशलच्या काँडोत, म्हणजे खासगी संकुलातल्या फ्लॅटमध्ये, घातले, सगळे एकत्र राहू म्हणून. काँडो कुशल आणि सून अनघा यांच्या नावावर आहे. त्यावर मी हक्क सांगत नाही.

२. दुर्बीण. निवृत्तीनंतर मी दर रविवारी आपल्याकडच्या पाहुण्यांना चायनाटाउनच्या जुन्या गल्ल्यांतून फुकट हिंडवत असे. आमच्या मराठी मंडळातले उल्हास नाक मुरडायचे. "हमाल कुठे झोपायचे ते काय दाखवता? मरिना बे दाखवा की." दुर्बीण त्यांना द्यावी. मरिना बे नीट दिसेल.

३. सॅगो लेन. चायनाटाउनमधली ही गल्ली काही माझी मालमत्ता नव्हे, पण सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. साबुदाण्याच्या कारखान्यांवरून गल्लीला हे नाव पडले. पुढे तिथे मरायला टेकलेल्यांसाठी घरे निघाली. खोलीत कोणी मेले तर अपशकुन, पुन्हा भाडेकरू मिळत नाही, म्हणून आजारी मजुराला बाहेर काढत आणि तो तिथे जाऊन पडे. कुशल एकदा माझ्याबरोबर आला होता. "किती निर्दय लोक होते, बाबा," असे म्हणाला होता.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी संजीवनीला घरी न्यायला सांगितले. आता उपाय नाही, म्हणाले. तिला बाल्कनीतल्या तुळशीजवळ पडायचे होते. कुशलने मला बाजूला घेतले. "बाबा, घरात नको. किमया घाबरेल. आणि उद्या काँडो विकायचा झाला तर लोक विचारतात." अनघा फोनमध्ये बघत उभी राहिली. संजीवनीला हॉस्पिसमध्ये ठेवले. तिथल्या नर्स फार मायेच्या होत्या. ती मात्र शेवटपर्यंत मला विचारत राहिली, टॅक्सी आली का. हा राग मी सोबत घेऊन जाणार आहे, तो कोणाला वाटून देता येत नाही.

४. नात किमया हिला माझी बँकेतली सगळी शिल्लक आणि रविवारची मोठी छत्री. आजी गेल्यावर बऱ्याच दिवसांनी ती मला म्हणाली, "आजोबा, आय वॉज नॉट स्केअर्ड लाह. नोबडी आस्क्ड मी."

५. कुशलला तुळशीची कुंडी. ती त्याच्याच बाल्कनीत आहे. पाणी घालावे. काँडो विकला तर कुंडी सोबत न्यावी.

६. माझा शेवट. कुशलला तेव्हा उमाळा येईल आणि तो मला न्यायला येईल. त्याला चहा द्यावा आणि परत पाठवावे. मी या खोलीतून हलणार नाही. खोली घेतानाच मी मादाम लिमना स्पष्ट सांगितले होते की मी आजारी आहे, कदाचित इथेच मरेन. बाकी घरमालकांनी हे ऐकून दार लावून घेतले होते. या बाईंचे आजोबा रिक्षा ओढत. सोबत राहणाऱ्यांनीच त्यांना उचलून सॅगो लेनला पोचवले होते. बाई म्हणाल्या, "हिअर कॅन, अंकल. यू डाय हिअर, कॅन."

७. मादाम लिम यांच्या नावे काहीतरी ठेवायचे होते. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, एक काय ते ठरवा. बाईंनीच ठरवले. म्हणाल्या, साइन करते.

व्यवस्थापक: माझे यार्डातले सहकारी विवेक दामले. त्यांनी यावर कुशलशी वाद घालत बसू नये.

साक्षीदार: विवेक दामले (सही), लिम स्यू हाँग (सही)
लिहून देणार: निशिकांत मनोहर घैसास (सही)
दिनांक: १४ ऑगस्ट २०१६
स्थळ: वुडलँड्स, घरी