आधी एकटं वलगाव

अमरावती, मंगळवार. दिवाळी उरकली, कापूस बाजारात येतोय.

आज नाझनीननं कमाल केली. आमच्या ऑफिसातली सगळ्यांत शांत बाई!

कापूस खरेदी केंद्रांचे सर्व्हर आमच्याकडे. आज त्यांवर नवं अपडेट टाकायचं होतं. स्क्रिप्ट तयारच होती. साहेब म्हणाले, "सगळीकडे एकदमच टाका."

"नाई साहेब," नाझनीन म्हणाली. "आधी एकटं वलगाव. ते नीट सुरू झालं तरच पुढची केंद्रं. बिघडलं तर स्क्रिप्ट तिथंच थांबते, मी तशीच लिवली."

"तुले आपल्या कामावर भरवसा नाही काय?"

"आहे ना. म्हणूनच म्हणून राहिली."

भर ऑफिसात, साहेबांना! माझी हिंमत झाली असती? शंकाच आहे.

साहेब कुरकुरत कबूल झाले. आणि वलगावचा सर्व्हर अपडेटनंतर उठलाच नाही. स्क्रिप्ट जागीच थांबली. धामणगावच्या केंद्रावर आणि बाकी सगळीकडे कापसाची वजनं चालू. फक्त वलगावच्या गाड्या काट्यापाशी खोळंबल्या. नाझनीननं लगेच जुनी आवृत्ती परत चढवली, चूक शोधली. संध्याकाळपर्यंत थोडी थोडी करत सगळी केंद्रं झाली.

"म्हणूनच म्हणून राहिली." अजून कानात आहे.

साहेब स्वतः तिच्या टेबलाशी आले, म्हणाले, "बाई, आज तू सगळा बाजार वाचवला."

तिनं हातानंच त्यांना थांबवलं. ती फोनवर वलगावच्या काटेवाल्याशी बोलत होती, "भाऊ, माफ करजा. तुमच्या गाड्या माह्यामुळं थांबल्या."