डाळिंबी की विटकरी

ती. वन्सं यांना नमस्कार.

त्या सकाळी दूध उतू गेलं ते तुमच्यामुळे. मी पिळे झटकून दोरीवर टाकत होते, हे (म्हणजे तुमचे भाऊ) स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होते, आणि तुम्ही नवा कॅमेरा घेऊन आमच्या मागे मागे. "नेहमीसारखंच वागा, मी नाहीच असं समजा." तुम्ही घरात नाही असं समजणं आजवर कुणाला जमलंय? शेवटी मी ह्यांच्या हातात चहाचा कप दिला, तुम्ही म्हणालात, "परत दे गं, नीट दिसलं नाही." मी कप परत घेऊन परत दिला आणि तेवढ्यात मागे दूध ओट्यावर. असो. गुडघा कसा आहे? जिना टाळता ना? माझं बरं चाललंय. वाचनालयातली बाई म्हणते, मी आता पुस्तकं संपवत नाही, कपाटं संपवते.

तर त्या सकाळची ती टेप. हे चालताना-बोलताना दिसतात अशी तेवढी एकच. (फोटो पुष्कळ आहेत, पण फोटोत हे कायम पासपोर्टसाठी बसल्यासारखे.) टेप चालवायचं यंत्र बंद पडलं, म्हणून कोपऱ्यावरच्या स्टुडिओत फाइल करायला दिली. मालकाला काहीही विचारा, तो "शंभर टक्के" म्हणतो, म्हणून मी त्याचं नावच ते ठेवलंय. रंग नीट येतील ना? शंभर टक्के. टेप तुटणार तर नाही ना? शंभर टक्के. (म्हणजे तुटणार की नाही, हे कळायला मार्ग नाही.) फाइल आली, मी तुम्हाला पाठवली आणि लगेच तुमचा फोन, "बघ! मी तेव्हापासून सांगतेय, स्वेटर विटकरी होता." वन्सं, टेपमध्ये ह्यांच्या अंगात आहे तो स्वेटर मी विणला. लोकर मी निवडली. डाळिंबी. पण फाइल पुन्हा लावून पाहिली, तर खरंच विटकरी! ह्यांचा आवाज आठवायला आताशा मला जरा थांबावं लागतं. म्हटलं, आता रंगही हातून गेला की काय. त्या दिवशी जेवण गेलं नाही, आणि दोष तुम्हाला द्यावा की स्टुडिओला, हे ठरेना, म्हणून दोघांनाही दिला.

शंभर टक्क्यांकडे गेले. तो म्हणाला, जुन्या टेपवर रंग लिहायची रीत एक, नव्या टीव्हीची वाचायची रीत दुसरी. फाइल कुठल्या रीतीने लिहिलीय ते तिच्यात नोंदवायचं राहिलं, म्हणून टीव्हीने आपल्या मनाने वाचली आणि लाल रंग नारिंगीकडे झुकला. हे मला चटकन समजलं. नमुना जाड सुयांसाठी लिहिलेला असावा आणि कुणी बारीक सुयांवर विणावा, तसं. स्वेटर होतो, पण भलत्याच माणसाचा. इथे मी घरी यायला हवं होतं. पण मी वाचनालयातून ह्या विषयाचं पुस्तक आणलं (कपाट चौथं, खालचा खण) आणि दुसऱ्या फेरीला तयारीनिशी गेले. तो "चार-दोन-शून्य" म्हणाला. मला वाटलं, आतल्या खोलीचा नंबर सांगतोय, मी आत जाऊन उभी राहिले. तर ती रंग आखडता ठेवायची पद्धत निघाली. उजेड प्रत्येक ठिपक्याचा वेगळा ठेवायचा, रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एक. चार भावंडांत एक टॉवेल. का, तर माणसाच्या डोळ्याला उजेडातला फरक कळतो, रंगातला तितकासा कळत नाही. मी विचारलं, कुठल्या माणसाच्या? लोकर घ्यायला आलेल्या बाईला विचारलं होतं का? आणि ठणकावून सांगितलं, माझ्या फाइलीत प्रत्येक ठिपक्याला त्याचा त्याचा टॉवेल हवा. शंभर टक्के, म्हणाला.

ती फाइल ही एवढी मोठी. माझ्या टीव्हीने तिला ओळखच दिली नाही. शेजारणीच्या टीव्हीवर नुसता आवाज, तुमचाच, "परत दे गं." फक्त शंभर टक्क्यांच्या संगणकावर ती ऐटीत चालली, आणि रंग पाहते तर होता तेवढाच. मी भांडायला तोंड उघडलं, तर तो हळूच म्हणाला, "टेपवरच जे नाही ते मी कुठून आणू, काकू?" इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच शंभर टक्के म्हणाला नव्हता.

शेवटी पुन्हा चारांत एक टॉवेल, पण रीत बरोबर नोंदवून फाइल केली. स्वेटर डाळिंबी! (फोनवर पाठवतेय. चष्मा लावून बघा.) एकच खोट राहिली. मी कप देते तिथे ह्यांच्या बाहीचा लाल रंग काठाबाहेर सांडून माझ्या बोटांवर आलाय. चार ठिपक्यांत एक रंग, त्यात काही ठिपके ह्यांचे, काही माझे. शंभर टक्के म्हणाला, "तेवढी बोटं साफ करून देऊ?" मी म्हटलं, राहू दे. "नक्की ना, काकू?" म्हटलं, शंभर टक्के.

गुडघ्याला जपा. तुमची भावजय.

ता. क. एवढं पत्र रंगासाठी नाही. तो स्वेटर तुम्ही आठवण म्हणून नेलात, त्याबद्दल मी कधी काही बोलले नाही. पण त्याचं कोपर विरलंय असं परवा तुम्हीच म्हणालात. पाठवून द्या, रफू करून परत पाठवते. परत पाठवीन ना? शंभर टक्के.

आणखी एक ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी रफूसाठी लोकर आणायला गेले. नमुना म्हणून दुकानदाराला फोनवर तीच नवी, बरोबर केलेली फाइल दाखवली. त्याने ती थांबवली, फोन उजेडात नेऊन नीट पाहिला आणि म्हणाला, "विटकरी ना? आहे की." मी दोन गुंडे घेतले.