सोन्यावरचा डाग

निपाणी, रविवार, जानेवारी १९८३

डाग माझ्या हातांचा नव्हता! हे आधी लिहून ठेवते, बाकीचं मग.

धारवाडच्या प्रयोगशाळेत मी सिलिकॉनच्या चकतीवर सोन्याचा पातळ थर चढवते. चकती दोनशे अंशांवर भट्टीत ठेवली की पिवळ्याधमक सोन्यावर फिकट डाग धरतो. दोन महिने हेच. मला वाटायचं, ही आपल्या घरची तंबाखूच. लहानपणापासून आईजवळ बसून विड्या वळल्यात, तो वास बोटांतून कधी गेलाच नाही. सरांना सांगायची लाज. गुपचूप साबणानं सालं निघेपर्यंत हात घासायची.

शुक्रवारी सरांनीच तो डाग यंत्रात तपासला. तंबाखू कसली! सिलिकॉन होतं, खालचं. सोनं वितळायला हजाराच्या वर अंश लागतात. इथं काहीच वितळलं नव्हतं. तरी घट्ट सोन्यातून वाट काढत खालचे अणू वर आले आणि हवेतला ऑक्सिजन धरून तिथंच बसले. मग घट्ट म्हणजे नेमकं काय? ही वही, ही भिंत... अंगावर काटा येतोय.

आज आईला सांगितलं. मांडीवर सूप, विड्या वळणं चालूच.

"सोनं न वितळता? लई नवल हाय गं."

"व्हय. आणि मी समजत होते, माझ्याच हातांची तंबाखू."

तिचे हात थांबले. माझी सोललेली बोटं तिनं उजेडात धरली.

"सोनं बी कुणी एवढं घासत न्हाय गं," म्हणाली.