अलकाची सायकल डोंगरात पाठवताना

१४ सप्टेंबर, रविवार
सकाळी अलकाचा फोन. "दिवाळीला येईन तेव्हा सायकल इकडे घेऊन जाते. तयार करून ठेव."
म्हणजे तिथेच राहायचं ठरवते आहे. असं ती म्हणाली नाही. मी ऐकलं.
दोन वर्षं झाली तिची बदली होऊन. अकोले तालुक्याच्या डोंगरातली एक वाडी, दोन शिक्षकांची शाळा. एसटी फाट्यापर्यंत, पुढचा चढ पायी. इकडे पारनेरात मी, आबा आणि पडवीत भिंतीला टेकलेली सायकल. दिवाळीनंतर बदल्यांचे अर्ज भरायचे आहेत. नवरा-बायको एकत्र या सवलतीत तिला आपल्या तालुक्यात परत येता येईल. मागणार का, ते मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. बाईच्या निर्णयावर नवऱ्याची सावली पडता कामा नये, हे मी इतकी वर्षं माईकवरून ओरडून सांगत आलो. आता स्वतःची सावली आवरायची वेळ आली, तर कुरकुर कशाला?
सायकलच्या दोन्ही चाकांत हवा नाही.

१८ सप्टें.
कॉलेजातून आलो, शर्ट न बदलता टायर काढायला बसलो. सराटे! आमच्या पडीक रानातला हा काटा चपलेतून पायात जातो, टायरचं काय. अलकाचा भुवयांचा चिमटा अजून आरशामागे आहे. त्याने एकेक उपसला. तिला सांगायचं नाही.
आबा खाटेवरून बघत होते. "आरं दिनू, ती सायकल हाय का बाभळ?"
नगरहून ट्यूबमध्ये घालायचं पांढरं चिकट औषध आणलंय. काटा घुसला की आतल्या आत भोक बुजवतं. दुकानदार त्याचे गुण असे सांगत होता की याला एखाद्या सभेत उभं करावं.

२१ सप्टें., रविवार
आज गिअर. चेन तिसऱ्या दातावरून उडी मारते. मी पेचकस घेऊन तासभर झगडलो, आणखी बिघडवलं. शेवटी अ.ला फोन.
"फोन चेनजवळ धर. पेडल फिरव."
धरला. फिरवलं.
"तार जिथे संपते तिथली फिरकी दिसते का? पाव फेरी सोड. अरे उलटी! आता फिरव... खरखर ऐकू येते अजून. आणखी जरा. हं. ऐकू दे."
चेन गुळगुळीत चालू लागली तरी मी सांगितलं नाही. पेडल फिरवत राहिलो. तिकडे ती ऐकत होती. मागे कुणाची तरी कोंबडी, वारा. मग म्हणाली, "झालं की रे, कधीचं झालंय."
फोनवर 'अरे' म्हणते, आबांसमोर 'अहो'. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात मीच ठासून सांगितलं होतं, मला 'तू' म्हणायचं. तिने अर्धं मानलं.

याच सायकलवरून ती पहिल्यांदा बाजारपेठेतून गेली तो दिवस आठवला. भिंगारच्या कॅम्पातल्या एका लष्करी कुटुंबाची बदली झाली, त्यांच्याकडून घेतलेली. जाड टायर, पुढे शॉकअप. अ.चं वय चाळीसच्या पुढे, अंगात पंजाबी ड्रेस. पानटपरीवरून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, गिअर टाका!" मी तिथेच थांबून त्या टोळक्यापुढे स्त्रीमुक्तीचा इतिहास सुरू केला. अ. पुढून वळून आली. "तू भाषण नको देऊस. पंप आण, मागचं चाक बसलंय."

२७ सप्टें.
काल श्रीगोंद्याला नवरात्रातलं व्याख्यान. विषय 'तिचा निर्णय'. मंडप भरलेला, बाया पुढे, हे विशेष. चांगलं झालं. मला कळतं चांगलं झालं की. मांडीवरची पोरंसुद्धा गप्प होतात.
शेवटी प्रश्न. मागून एक फेटेवाले उठले. "सर, तुमच्या मॅडम कुठं असत्यात?"
"डोंगरात. शाळेवर."
"मंग तुमाला जेवाया कोन घालतं?"
मंडपात हशा. मी म्हणालो, "मीच घालतो. मला आणि म्हाताऱ्या बापाला. पाव्हणं, तुमाला येतं का पिठलं?"
टाळ्या. बायकांच्या बाजूने तर शिट्टीसुद्धा.
आज दुपारी पिठलं केलं. आबांनी घास मोडला, बोटांनी चाचपला. "लोकास्नी सांगितलंस व्हय, गुठळ्या हायेत म्हनून?"

२८ सप्टें., रविवार
पुढच्या शॉकअपमध्ये हवा असते हे मला माहीतच नव्हतं. बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करायची. त्याचा छोटा पंप तिच्या कपाटात सापडला, स्वेटरांखाली.
फोन केला. किती भरू?
"पहिल्यापेक्षा कमी. माझं वजन उतरलंय."
"किती?"
"पाच-सहा किलो असेल. चढ-उतार रोजचाच, त्यात काय."
त्यात काय! मी जगभरच्या भुकेवर बोलतो. माझ्या बायकोचं अंग कधी कमी झालं, हे मला सायकलच्या हवेवरून कळलं.
हवा सोडली. पंपाचा काटा खाली आला. नंतर पुस्तक उघडलं, पान उलटलं नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
दुपारी घरी आलो तर आबांनी हत्यारांची पूजा मांडलेली. विळा, खुरपं, टिकाव, घमेलं. शेवटी सायकल. हँडलला झेंडूची माळ, चाकांना हळद-कुंकू.
मी म्हणालो, "आबा, यंत्राला देव करू नका. यंत्राला निगा लागते."
"तीच केली. तेल लावलं की सगळ्या लोखंडाला! तुझ्या भाषनानं गंज निघतो का?"
तेवढ्यात चहा आला, म्हणजे मीच केला, आणि वाद तिथेच राहिला. सायकल मात्र छान दिसत होती. फोटो काढून अ.ला पाठवला. तिने नुसतं हृदय पाठवलं. आबांसाठी की माझ्यासाठी, कळायला मार्ग नाही.

२ ऑक्टो., दसरा
सोनं वाटून झाल्यावर सायकल घेऊन माळाच्या उतारावर गेलो. आता फक्त एकदा चालवून बघायची, की झाली तयार. अर्ध्या उतारावर ब्रेक दाबला. काही नाही. दोन्ही दाबले. सायकल अशी सुटली, जणू बिनविरोध निवडून आलेला सरपंच. शेवटी शेजारच्या नानांच्या कांद्याच्या चाळीत घुसलो. जाळी वाकली. मी जाळीत.
नाना धावत आले. "सर, आपटा द्यायचा तर घरी यायचं की!"
गुडघा सोलला. बाकी ठीक.
कारण घरी येऊन समजलं. ब्रेक ज्या चकतीला धरतो, ती चकचकीत चकतीसुद्धा आबांनी करडईच्या तेलाने पुसली होती, वर बोटभर कुंकू.
अ. फोनवर इतकी हसली की तिला बोलता येईना. मग म्हणाली, "चकती धुऊन निघेल. ब्रेकच्या पट्ट्यांनी तेल प्यायलं असेल, त्या फेकाव्या लागतील. नवीन मागव. आबांना रागावू नकोस."
रागावलो नाही. एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे बोलण्याची सोय नाही. ब्रेक लागेना तेव्हा, त्या उतारावर, भीतीच्या आधी मला बरं वाटलं. सायकल तयार नव्हती.

१२ ऑक्टो., रविवार
पट्ट्या आल्या. बसवल्या. मागवायला मीच उशीर केला होता. नव्या पट्ट्या रुळवायच्या म्हणून वेग घ्यायचा, दाबायचा, पुन्हा वेग. माळावर दमेपर्यंत केलं. सीटच्या दांड्यावर अ.ने लाल नेलपॉलिशची रेघ मारलेली आहे, तिच्या उंचीची. मला ती सीट बुटकी पडते, गुडघे हँडलला लागतात. वर घेतली नाही.
ब्रेक धरतो. आता कुठलीही सबब उरलेली नाही.

२२ ऑक्टो., पाडवा
अ. शनिवारपासून घरी. घर भरल्यासारखं. मुक्ताही पुण्याहून आलेली, तिला आईशिवाय कुणी दिसत नाही. अ. खरंच बारीक झाली आहे, पण चालणं असं की मीच मागे पडतो. सारखी पोरांबद्दल बोलते. कुणी पहिल्यांदा पूर्ण वाक्य वाचलं, कुणी भाताच्या खाचरात दप्तर पाडलं. आबा ऐकतात, मी ऐकतो. 'आपली शाळा' म्हणते. आपलं घर कुठलं, ते म्हणत नाही.
सकाळी सायकल चालवून आली. गाल लाल. "झक्कास केलीस. गिअर लोण्यासारखे." दोन वर्षांत एवढं कौतुक झालं नव्हतं.
संध्याकाळी ओवाळायला बसवलं. मी हसून म्हणालो, ओवाळणी म्हणून सायकल दिली.
"सायकल माझीच आहे."
"मग काय हवं?"
ती तबक धरून होती. हळू म्हणाली, "एक वाक्य. अर्जाचं काय करू? तुला काय हवंय?"
मी म्हणालो, "तुझा निर्णय तोच माझा निर्णय. तू स्वतंत्र..."
तिने तबक खाली ठेवलं. "हे श्रीगोंद्यात बोललास ना? मुक्ताने व्हिडिओ पाठवला होता. मी मंडपात बसलेली नाही, दिनकर."
तेवढ्यात मुक्ता फराळाची ताटं घेऊन आली.

२३ ऑक्टो.
भाऊबीज. ती मुक्ताला घेऊन माहेरी कोल्हारला गेली. घर पुन्हा आवाज करू लागलं, रिकामं घर करतं तसा.
दिवसभर तिचं वाक्य. मला वाटत होतं, न विचारणं म्हणजे आदर. तिला ते कसं दिसलं असेल? बायको असली काय, नसली काय, या माणसाचं कार्यक्रमपत्रक चालूच!
मी पेटलेल्या सभा शांत केल्यात. एक घर मात्र...

१ नोव्हेंबर, शनिवार
अ. माहेरून परतली. तिची शाळा सोमवारी उघडते. स्टँडवर सोडायला गेलो. सायकल ओढत नेली होती, गाडीच्या मागे बांधून देता येईल का बघायला. कंडक्टर मान हलवायच्या आधी तीच म्हणाली, "राहू दे. तूच घेऊन ये."
"मी?"
"फाट्यापासून वर चालवत ये. मी रोज चढते तो चढ बघ. नंतर तुला काय म्हणायचं ते म्हण."
गाडीत बसली. खिडकीतून आबांच्या गोळ्यांबद्दल सांगितलं. गाडी हलली.
सायकल ओढत घरी आलो. बाजारातून सगळ्यांनी पाहिलं. "सर, गिअर टाका!" टाकला नाही.

७ नोव्हें.
सीट वर घेतली. लाल रेघ खाली राहिली. शॉकअपमध्ये माझ्या वजनाची हवा भरली, बरीच भरावी लागली.
आबांना कसं सांगावं, या विचारात होतो. तेच म्हणाले, "जा की. माझं पिठलं मी करतो. तुझ्यापरीस बरं करतो."
मग थोड्या वेळाने, छताकडे बघत, "लेकीला म्हनावं, म्हातारा इचारत व्हता."
विचारत होता. आबांना तीन शब्दांत जमलं.

८ नोव्हें., शनिवार. अलकाची खोली
नानांच्या ओळखीचा पिकअप अकोल्याकडे जाणार होता, त्यात सायकल आणि मी. फाट्यावर उतरलो. अ.ची खोली इथेच खाली, शाळा वर वाडीत. चढ बघितला. सरकारला, ठेकेदाराला, रस्त्यावर निवडणुका लढवणाऱ्या प्रत्येक पक्षाला मनातल्या मनात सभेत असतो तसा झोडत निघालो. दुसऱ्या वळणाला मनातलंही बोलणं बंद झालं. फक्त श्वास.
उतरलो. ढकलली. पुन्हा बसलो. दोन्ही बाजूंना भाताची कापणी. पेंढ्या बांधणाऱ्या एका बाईने विचारलं, "तुमी बाईंचं मालक का?"
'मालक' या शब्दावर मी तासभर बोलू शकतो. दम नव्हता. म्हणालो, "हो."
"बाई हसत चढत्यात," ती म्हणाली, आणि पेंढी आवळली.
अ. शाळेच्या ओट्यावर उभी होती. मला येताना बघत असावी बराच वेळ. सायकल आडवी टाकली, स्टँडच नाही तिला. घाम पुसला. तिने पाण्याचा तांब्या दिला. पिऊन घेतलं, आणि सुचायच्या आत बोललो.
"घरी ये. मला तू घरात हवी आहेस. रोज."
तिने तांब्या परत घेतला. 
"ऐकलं," म्हणाली.

१० नोव्हें., सोमवार
काल दिवसभर तिने मला वाडी दाखवली, ओहोळ, एक करवंदाची जाळी जिच्याजवळ ती रोज टेकते. पोरं मागे मागे. एकाने माझा हात धरला, कारण नसताना.
संध्याकाळी भाताची तयारी करताना म्हणाली, "हे तू पहिल्याच वर्षी म्हणायला हवं होतंस. धावत आले असते. आता ही पोरं सोडवत नाहीत." तांदूळ निवडत राहिली. "आणि तुझ्याशिवायही होत नाही. मग मीही विचारते. तू ये म्हटलं, तर? आबांना घेऊन. इथे, नाहीतर खाली राजूरला खोली बघू."
कॉलेज. आबांचं वय. घर. व्याख्यानं. एकामागून एक मुद्दे रांगेत उभे राहिले, सगळे पटण्यासारखे. एकालाही माईक दिला नाही, तिच्यासोबत तांदूळ निवडायला बसलो. 
"आत्ता नको सांगू," ती म्हणाली.
आज सकाळी सीट परत खाली घेऊन दिली. सायकलवर बसून शाळेच्या वाटेला लागली. उंचावरच्या वळणावर उभी राहून पेडल मारते. ती मागे बघेल असं वाटलं. वळण आलं, गेली.
परतीची एसटी फाट्यावर चारला येते. शाळा पाचला सुटते.
पिशवी अजून भरलेली नाही.