आमच्या घरातल्या कोणासही अमेरिकेस जाऊ देऊ नये

प्रति,
मेहेरबान फौजदार साहेब,
पोलीस ठाणे, शहापूर,
जिल्हा ठाणे.

अर्जदार : गुणाबाई कोम यमाजी वेखंडे, धंदा जत्रेत पाळणा फिरविणे, राहणार सापगाव, तालुका शहापूर.

विषय : अमेरिकेतील जत्रेचे गाव पाहण्यास जाण्यासाठी आमच्या कुटुंबाने मागितलेल्या पासपोर्टाच्या चौकशीत वाईट शेरा मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या हवालदारांनी सोमवारी बाजारात दिलेला तोंडी निरोप, की कागद आला आहे, चौकशीस माणूस येईल.

महोदय,

वरील विषयी सविनय अर्ज करते की, लोक आपल्याकडे चांगला शेरा मागण्यास येतात. मी वाईट मागते आहे. अर्ज आमच्या शाळेचे वाल्मिक गुरुजी लिहीत आहेत. ते दोनदा म्हणाले की आजी, असा अर्ज कोणी करीत नाही. मी म्हटले, तुम्ही लिहा, करणारी मी आहे.

१) माझे मालक कै. यमाजी यांनी सागाचा चार पेट्यांचा पाळणा स्वतः घडविला. म्हशाच्या जत्रेत व आसपासच्या उरुसांत तो आम्ही हाताने ढकलून फिरवितो. मालक वारल्यावर पाळणा माझ्या नावावर आहे. थोरला मुलगा कमळू व धाकटा कान्हा हे ढकलतात, मी माणसे बसविते. बसविण्याचे काम कोणासही जमत नाही. समोरासमोरच्या पेट्यांत सारखे वजन लागते, नाहीतर चाक मध्येच अडते आणि वरचा माणूस वरच लोंबकळतो. आमच्या घरात भाताची वाटणी असो की मटणाची, सगळे ह्याच नियमाने होते. पुढचा सारा सत्यानाश ह्या नियमातून झाला म्हणून लिहून ठेवते.

२) मागल्या साली म्हशाच्या जत्रेत धरणाच्या कामावरचा परदेशी इंजिनीयर साहेब मडमेसह आला. दोघे पाळण्यात बसले, मडम वर जाऊन किंचाळली आणि खाली येऊन पुन्हा बसली. साहेब एवढा खूश झाला की मायदेशी परत जाण्यापूर्वी सापगावास आमच्या घरी आला. त्याने रंगीत चित्रांची कार्डे दिली. त्याच्या मुलखात म्हणे बारा महिने चालणारी जत्रा आहे, तिचे अख्खे गाव वसविले आहे. त्यात राजवाडा आहे, डोंगराच्या पोटातून जाणारी आगगाडी आहे, आणि खोलीएवढ्या कपबशा आहेत, त्यांत माणसे बसून गरगर फिरतात. मी विचारले, ह्या ढकलतो कोण? साहेबाबरोबरचा ओव्हरसियर म्हणाला, कोणी नाही. माझा विश्वास बसला नाही. साहेब म्हणाला, मग पाहायलाच या. पाळण्याच्या मालकिणीने घरची तीन माणसे घेऊन यावे, आगबोटीचे भाडे मी देतो. नंतर त्याने तसा कागदही पाठविला. आमंत्रण माझ्या नावाचे आहे. मी नाही तर कोणी नाही, हे ध्यानात ठेवावे.

३) खोटे कशाला बोलू, मला जायचे होते. जन्म पाळण्यापाशी गेला पण मी त्यात कधी बसले नाही, कारण मालकीण बसली तर बसविणार कोण. कोणी ढकलत नाही अशा पाळण्यात आपण नुसते बसायचे, ही गोष्ट मला फार गोड लागली. मी तयारीला लागले. आगबोटीवर खाण्यास सुकटीची चटणी केली, नाचणीचे पीठ दळून ठेवले. थंडी असते म्हणतात म्हणून गोधडी शिवली. सकुबाई शेजारीण म्हणाली, तिथे भाकरी थापायला चूल देतील का. मी म्हटले, एवढा राजवाडा बांधला त्यांनी, एक चूल नसेल होय? असे आमचे दिवस चांगले चालले होते.

४) चारांत एक मी, दुसरा कमळू, तिसरा कान्हा, हे सर्वांस मान्य होते. चौथी कोण, कमळूची बायको पारू की कान्हाची बायको हौशी, इथे गाडे अडले. मी नियमाने निकाल दिला. मी व कमळू वजनाने सारखे आहोत, आमची जोडी लागली. सुनांपैकी जी कान्हाच्या समोर सारखी भरेल ती जाईल. त्यासाठी आम्ही सगळे मुरबाडला भाताच्या गिरणीवर गेलो. तिथे साखळीचा मोठा तराजू आहे. एका पारड्यात कान्हा बसला. पारू दुसऱ्यात बसली, ती थोडी कमी भरली. मग हौशी बसली आणि काटा बरोबर मध्ये आला. हौशी हसत उतरली, तोच तिच्या ओच्यातून पाट्यावरचा वरवंटा निसटून गिरणीवाल्याच्या पायावर पडला.

त्यावर पारूने हौशीचा अंबाडा धरला. हौशीने पारूच्या दंडाचा चावा घेतला. कान्हा बायकोस सोडविण्यास गेला, त्यात पारूस धक्का बसला, म्हणून कमळूने तराजूची साखळी काढून कान्हाच्या तोंडावर मारली. कान्हाचे दोन दात तांदळात पडले. कान्हाने वरवंटा उचलून कमळूच्या बरगडीत घातला. गिरणीवाल्याने मध्ये पडून मार खाल्ला व गिरणी बंद केली. मी दोघांच्या पाठीत पायताण मोडले, तरी एकही हटला नाही. गुरुजी विचारतात की "किरकोळ बाचाबाची" लिहू का. नाही. घडले तसे लिहावे, चौकशीस उपयोगी आहे.

५) तेव्हापासून घरात दोन चुली झाल्या. दोघे भाऊ एका पंगतीत बसत नाहीत, एकमेकांशी बोलत नाहीत. बोलायचे ते मारूनच बोलतात. खर्डीस लग्नात कान्हाने कमळूच्या कानाची पाळी चावून तोडली. मांडवात नवरी बेशुद्ध पडली. कमळूने दुसऱ्या दिवशी कान्हाच्या बैलाचे शेपूट कापले. त्या मुक्या जनावराला अमेरिकेची काय खबर? मग मी जाहीर केले की मी येत नाही, कोणीच जाऊ नका, साहेबास कळवून टाका. मला वाटले मिटले. पण कमळू म्हणाला, "आये, तुला त्या कान्ह्यानं शिकवलंय." त्याने कान्हाची पेंढ्याची उडवी पेटवून दिली. तेव्हा मी पुन्हा म्हटले, बरे बाबा, येते. तर कान्हा म्हणाला, "आता तू त्याच्या बाजूची झालीस." त्याने माझे तांदळाचे मडके अंगणात फोडले. आई जे बोलेल ते एका बाजूचे होते. कोणाच्याच बाजूचे नाही असे एकट्या सरकारचेच बोलणे आहे, म्हणून आपले पाय धरले आहेत.

६) होळी झाल्यावर दोघांनी गावाबाहेर वाघोबाच्या दगडासमोर बेलभंडार उचलला. कमळू म्हणाला, "मी अमेरिकेला जाणार, नाय गेलो तर बापाचा नाय." कान्हा म्हणाला, "तो त्या वाटेला लागून उंबरा वलांडील त्या दिवशी त्याच्या पायाचा तुकडा पाडीन." साहेब, आपण ठाण्याकडचे की कुठले मला ठाऊक नाही, पण आमच्याकडे वाघोबापुढे उचललेली शपथ माणूस मागे घेत नाही. घेतली तर घरात वाघ येतो. दोन गोष्टींनीच ती सुटते. सरकारने अडविले तर उचलणाऱ्याकडे दोष राहत नाही, ही एक. आणि घरातल्या कोणीही ती पुरी केली तर फिटते, जसा बापाचा नवस मुलगा फेडतो, ही दुसरी. मी सरकारची वाट पाहत होते. तेवढ्यात सोमवारी आपल्या हवालदारांचा निरोप आला.

७) आज सकाळी कमळू चौकशी लवकर करवून घेण्यास आपल्याकडे येण्यास निघाला. आगबोटीसाठी आणलेले कॅनव्हासचे नवे बूट घालून तो उंबऱ्यावर नाड्या बांधीत बसला. मी लाकडे फोडीत होते. पडवीच्या कुडाआड कान्हा कोयता घेऊन उभा होता. मला त्याचे पाय कुडाखालून दिसत होते. शेजारी कोयत्याचे टोक दिसत होते. कान्हा रागात असला की त्याला हात आवरत नाही, तो पायाचा तुकडा म्हणून गुडघा पाडील, नरडे पाडील, आणि मग आपण त्याला फाशी द्याल, हे मी माझ्या पोटच्या पोराबद्दल सांगते आहे. कमळूने एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला. मी कुऱ्हाड उचलली आणि त्याच्या डाव्या पायावर घातली.

घाव मी बघून घातला. करंगळी व तिच्या शेजारचे बोट, एवढेच. अंगठा राखला. पाळणा ढकलताना सगळा जोर अंगठ्यावर येतो. अंगठ्यावाचून माणूस कुचकामी होतो, करंगळीवाचून होत नाही. बूट फाटून रक्त पायरीवरून अंगणात गेले. कमळू माझ्याकडे बघत राहिला. त्याने लहानपणीही माझ्याकडे तसे कधी बघितले नव्हते. माझे काळीज फाटले साहेब, पण घाव चुकला नाही.

मी कान्हास हाक मारून म्हटले, बाहेर ये, तुझी शपथ मी फेडली, कोयता टाक. त्याने टाकला. मग तो लहान पोरासारखा रडला, डोक्याचे मुंडासे सोडून त्याने भावाच्या पायास बांधले आणि त्याला पाठीवर घेऊन शहापूरच्या दवाखान्याकडे पळत सुटला. वाटेपर्यंत मी मागे गेले. कमळू पाठीवरून त्याला म्हणाला, "हळू चाल रे, दुखतंय." गिरणीवर मारामारी झाल्यापासून तो भावाशी बोललेला हा पहिला शब्द. कान्हा म्हणाला, "बरं दादा." नंतर ते वळणाआड गेले आणि मी परत आले.

८) कान्हाची शपथ फिटली. कमळूची अजून उभी आहे, ती आपणच सोडवू शकता. त्यासाठी हा अर्ज. जाताना कमळू मला कुजबुजून म्हणाला, "आये, कोणी इचारलं तर सांग, लाकूड फोडताना लागलं." दवाखान्यात तो तसेच सांगेल, कान्हाही सांगेल, आणि पारू व हौशीसुद्धा, ज्या कशातच एक होत नाहीत त्या ह्यात एक होतील. त्या चौघांवर विश्वास ठेवू नये. अपघात म्हणून कागद झाला तर आमचे घराणे पुन्हा साफ ठरेल, पासपोर्ट मिळेल, पाय बरा होईल आणि कमळू पुन्हा बूट घालील. गुन्हा नोंदविलाच पाहिजे. मी जाणूनबुजून, शुद्धीवर असताना, धार लावलेल्या कुऱ्हाडीने पोटच्या मुलाची बोटे तोडली आहेत. आमंत्रण माझ्या नावाचे आहे. गुन्हेगार बाईस सरकार परदेशी जाऊ देत नाही असे गुरुजी सांगतात. त्यांनी एवढे एक कामाचे सांगितले. बोटे मी वाघोबाच्या दगडाशी पुरली. ती पुराव्यास मागू नयेत, आता ती देवाची झाली.

तरी मायबाप सरकारने कृपा करून :

शेऱ्यात स्पष्ट लिहावे की हे कुटुंब भांडखोर, रक्तपाती व परमुलखात पाठविण्यास सर्वस्वी नालायक आहे. हा शेरा हवालदारांनी चावडीवर उभे राहून मोठ्याने वाचावा, म्हणजे कमळू ऐकेल आणि गावही ऐकेल की त्याला सरकारने अडविले, तो मागे फिरला नाही.

कान्हावर काही लावू नये. त्याचा कोयता कोरडा आहे, सोबत पाठविला आहे, पाहून घ्यावा.

मला शिक्षा होईल ती मान्य आहे. म्हशाच्या जत्रेपर्यंत सुटका झाली तर बरे, नाही झाली तर पेट्यांत माणसे कशी बसवावी ते सुनांना सांगून जाईन. दोघींना मिळूनच जमेल, एकीला जमणार नाही.

शेवटची विनंती एवढीच, की मला नेण्यास शिपाई आज दुपारनंतर पाठवावा. दवाखान्यातून दोघे भाऊ भुकेने येतील. मी एकाच चुलीवर भात टाकला आहे. ते एका पंगतीत बसून जेवले की मी हात धुऊन निघते, शिपायास थांबावे लागणार नाही.

गुन्हा कबूल असलेली, आपली नम्र,

गुणाबाई कोम यमाजी वेखंडे
हिच्या डाव्या हाताचा अंगठा
सापगाव, ता. ७ मे १९६३

सदर अर्ज अर्जदारणीने सांगितल्याप्रमाणे लिहिला. मी काही सौम्य केलेले नाही, करू दिले नाही.
वाल्मिक, प्राथमिक शिक्षक

सोबत :
१. कुऱ्हाड, न धुतलेली.
२. कोयता, कोरडा.
३. कॅनव्हासचा डावा बूट. उजवा घरीच ठेवला आहे, एका बुटाने कोणी अमेरिकेस जात नाही.
४. जत्रेच्या गावाची चित्रकार्डे. घरात ठेवली तर पुन्हा बघितली जातील. कपबशांचे तेवढे माझ्यापाशी ठेवले आहे, हवे तर झडतीत घ्यावे.
५. सुकटीच्या चटणीचा डबा, आगबोटीसाठी केलेला. लाच समजू नये. वाया जाईल, ठाण्यातील शिपायांनी खावा.