डाव्या सीटवरून

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

निघालो एकदाचे! आणि पहिल्याच वळणावर मी ब्रेक दाबला. माझ्या बाजूला ब्रेक नाही, तरी दाबला. पोटरीत गोळा आला.

हे म्हणाले, काय झालं? म्हटलं, काही नाही, सायकलवाला होता. म्हणाले, दिसला मला. कसला दिसतोय! दिसला असता तर त्याचा उद्धार केला असता. आख्खी नोकरी बस चालवण्यात गेली यांची, पण सायकलवाल्याला चार शब्द न सुनावता पुढे गेल्याचं मला तरी आठवत नाही.

समुद्रकाठी मुक्काम. खोली बरी आहे. पलंगाचा एक पाय तोकडा, खाली विटेचा तुकडा सरकवलाय. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे. मी अजून नीट बघितलेला नाही. दिवसभर रस्ताच बघितला.

शनिवार, ७ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. इथे कोण वाचायला बसलंय.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी गेल्या महिन्यात स्पष्ट सांगितलं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग गेलाय. कडेकडेचं दिसेल, नेमकं समोरचं नाही. चष्म्यानं फरक पडणार नाही. गाडी आजपासून बंद. हे आज्ञाधारकपणे मान डोलवत होते. दवाखान्याच्या पायऱ्या उतरतो न उतरतो तोच मला पोरीची शपथ घातली — तिला यातलं अक्षर कळता कामा नये. आधी ठरल्याप्रमाणे फिरून यायचं. समुद्र, मग डोंगर, मग शहर. शहरात पोरीच्या हातात गाडीची चावी ठेवायची आणि विषय संपवायचा. आयुष्यभर लोकांना फिरवलं, आता एकदा आपण फिरू.

मी हो का म्हटलं? कारण हे म्हणाले, "तू शेजारी असलीस की मला दिसतं." असलं काही हे उभ्या जन्मात बोलले नव्हते. मी पाघळले, झालं!

शेजारी बसून काय करते, तेही लिहिते. आमची गाठच बसमध्ये पडली. हे ड्रायव्हर, मी कंडक्टर. तेव्हा दोरी ओढली की पुढे घंटी वाजायची. एक टोला — थांबा. दोन टोले — चला. ड्रायव्हरनं मागे वळून खात्री करायची नाही, कंडक्टर देईल तो टोला खरा. आता दोरी नाही आणि घंटीही नाही, म्हणून मी समोरच्या फळीवर बोटानं ठोकते. एक — थांबा. दोन — चला. वर तोंडाचा पट्टा चालूच: डावीकडे खड्डा, पुढे ट्रक उभा, म्हातारा रस्ता ओलांडतोय, थांबला, परत निघाला, अरे देवा.

संध्याकाळपर्यंत घसा बसला. हे मात्र खूष. म्हणाले, जुने दिवस आले की नाही परत?

जुन्या दिवसांत ड्रायव्हरला दिसत होतं.

रविवार, ८ फेब्रुवारी

आज दिवसभर किनाऱ्याचा रस्ता. समुद्र माझ्या डाव्या हाताला, अगदी खिडकीला लागून. आणि मी बघत होते उजवीकडून येणाऱ्या गाड्या. एकदाच मान वळवली. नेमका तेव्हाच पुढे गतिरोधक! दोघांची डोकी छताला लागली. मग नाही वळवली.

दीपगृहापाशी थांबलो. हे कठड्याला टेकून विचारतात, काय काय दिसतंय? सहज विचारल्यासारखं. मी सांगितलं — चार होड्या, एक लाल, पाणी आत गर्द आणि काठाला मळकट, एक जोडपं छत्री धरून भांडतंय. भांडण कशावरून, तेही यांना हवं होतं! मी आपलं रचून सांगितलं. मनापासून हसले. हसताना माझ्याकडे बघत होते, म्हणजे माझ्या कानाकडे. हल्ली माझा चेहरा बघायचा असला की कानाकडे बघतात, म्हणजे चेहरा कडेला येतो आणि दिसतो. तिथल्या फोटोवाल्यानं दोनदा मागे वळून बघितलं, माझ्या कानाला काय लागलंय म्हणून.

पोरीचा फोन आला. रोज माझ्याच फोनवर करते, एरवी बँकेतून जेवणाच्या सुट्टीत, आज रविवार म्हणून घरून. आई, समुद्र कसा आहे? म्हटलं, मोठा आहे. ती म्हणाली, तुझा आवाज का बसलाय? म्हटलं, वारा फार. बाबा नीट चालवतात ना? म्हटलं, हो, अगदी हळू.

लेकीशी खोटं बोलायचं आणि वर तिचीच शपथ. छान.

सोमवार, ९ फेब्रुवारी

काटा चाळीसच्या वर गेला नाही. मागच्यांचे भोंगे ऐकून कान किटले. एक टेम्पोवाला शेजारून जाता जाता विचारतो, काका, उतरून ढकलू का? हे हसले, म्हणून मीही हसले.

माझ्या बाजूचं दार आतून उघडत नाही. जुनी गाडी घेतली तेव्हापासूनचं दुखणं आहे. हे फिरून येतात, बाहेरून उघडतात आणि म्हणतात, उतरा महाराणी. इतकी वर्षं मजा वाटायची. आज थांबल्यावर हे टायर तपासत बसले आणि मी काचेआड बसून राहिले. हाका मारल्या, ऐकूच गेल्या नाहीत. एकदम रडू आलं. उगाचच.

नाही, उगाच नाही. मला भीती वाटते. सकाळी डोळा उघडल्यापासून वाटते.

संध्याकाळी धीर करून म्हटलं, गाडी इथेच ठेवू आणि बसनं पुढे जाऊ. म्हणाले, "तू जा बसनं. मी येतो मागून." आवाज चढवला नाही. त्यानंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मंगळवार, १० फेब्रुवारी

आज अक्षर वेडंवाकडं येणार.

डोंगराचा रस्ता. एका ठिकाणी दरड काढायचं काम चालू, म्हणून अर्धाच रस्ता मोकळा. इकडच्या गाड्या थांबवून तिकडच्या सोडत होते. माणूस लाल निशाण धरून उभा. मी एक ठोका दिला. हे थांबले. इंजिन चालू ठेवलं होतं. आमचा नंबर पहिला, पुढे मोकळा रस्ता आणि वळण.

थांबलेल्या गाड्यांमधून एक संत्री विकणारी बाई फिरत होती. टोपली कमरेवर. ती यांच्या बाजूला आली आणि काचेवर बोटाच्या पेरानं ठोकलं. टक टक.

दोन!

गाडी सुटली. वळणावरून दगडांनी भरलेला ट्रक येत होता. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, एक ठोका द्यायचं सुचलंच नाही. यांनी ब्रेक मारला आणि सवयीनं गाडी डोंगराच्या अंगाला घातली. पुढचं चाक गटारात. ट्रक आमचा आरसा घेऊन गेला. मागे रस्ताभर संत्री, आणि ती बाई मधोमध बसलेली, गुडघा धरून.

निशाणवाला धावत आला. त्यानं माझं दार उघडलं. मी आधी त्या बाईकडे गेले. खरचटलं होतं, हाड शाबूत. तिची बिचारीची चूक काय? संत्री विकायला काच ठोकली, बस. आम्ही दोघींनी मिळून संत्री गोळा केली. मला वाटतं त्या वेळी मला वेड लागलं होतं, कारण मी फुटकी एकीकडे आणि चांगली एकीकडे लावत बसले.

हे स्टिअरिंग धरूनच बसलेले. म्हणाले, "तू दोन दिलेस ना?"

म्हटलं, मी नाही, संत्रीवालीनं काच ठोकली. आणि अहो, समोरून ट्रक येत होता!

"कुठला ट्रक?" म्हणाले.

डोंगराएवढा ट्रक. आमचा आरसा तोडून गेलेला. मी यांच्याकडे बघतच राहिले. मला वाटत होतं, निदान मोठं मोठं दिसत असेल. मी आपली खड्डे आणि म्हातारे सांगतेय! यांना काहीच दिसत नाही. इतके दिवस ही गाडी मी चालवतेय. मला गाडी येत नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी

चार जणांनी मिळून गाडी गटारातून उचलून दिली. पत्रा चेपलाय, बाकी चालते. न चालती तर किती बरं झालं असतं!

विश्रामगृहाच्या गॅलरीतून म्हणे सगळी दरी दिसते. आज धुकं. मला काय फरक पडतो.

काल रात्री जेवले नाहीत. आज सकाळी मी तोंड सोडलं. मनात होतं नव्हतं ते सगळं बोलले. त्या बाईचा पाय गेला असता तर? आपण दोघं दरीत गेलो असतो तर पोरीनं काय करायचं होतं? हे पलंगाच्या कडेला बसून ऐकत होते. चावी मुठीत. शेवटी एवढंच म्हणाले, शहर येऊ दे. म्हटलं, शहरात तर गाड्यांचा समुद्र असतो, तिथे काय माझ्या बोटांवर जाणार आहात? चहा थंड झाला.

दुपारी फिरून येते म्हणून बाहेर पडले. विश्रामगृहाच्या समोरच बसथांबा. शहराची बस उभी होती, निम्मी रिकामी. दारात तरुण कंडक्टर मुलगी, खांद्याला पिशवी, केस घट्ट बांधलेले. मी तशीच दिसायचे. म्हणाली, काकू, चढा, जागा आहे. एक पाय पायरीवर ठेवलासुद्धा. पैसे होते जवळ, फोन होता. संध्याकाळी पोरीकडे पोचले असते, गरम पाण्यानं अंघोळ केली असती.

आणि मी गेले तर हे एकटे निघतील. सांगितलंच आहे, मागून येतो म्हणून.

पाय खाली घेतला. तिनं घंटी दिली, बस गेली. मी परत खोलीत आले. हे तसेच बसलेले. म्हणाले, बस गेली का? म्हटलं, गेली.

यांच्याबरोबर राहिले तर मरेन, आणि सोडून गेले तर हे मरतील. शपथ मोडली तर यांचं तोंड कसं बघू? डोकं चालत नाही.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

मोडली.

डोंगर उतरलो तेव्हा माझी बोटं सुजली होती. शहराची हद्द लागली. चार पदरी रस्ता, दोन्ही बाजूंनी मोटारसायकली घुसतायत, मी काय काय सांगू? तेवढ्यात पुढे शाळा सुटलेली दिसली. निळ्या गणवेशातली पोरं, फुटपाथवर मावेनात म्हणून रस्त्यावर. माझ्या तोंडून शब्दच फुटेना. मी फळीवर एकच ठोका दिला आणि हात तसाच दाबून धरला. हे थांबले. पोरं आमच्या गाडीला हात लावत, हसत, पुढून गेली. यांना कळलंही नसेल किती होती.

शेवटचं पोर गेल्यावर म्हटलं, डावीकडे घ्या, पेट्रोल घालू. टाकी अर्धी होती. यांनी घेतली.

पंपावरच्या माणसाला खुणेनं सांगून दार उघडून घेतलं. बाथरूममागे उभी राहिले आणि पोरीला सगळं सांगून टाकलं. एका दमात. डॉक्टरीणबाई, ठोके, संत्रीवाली, ट्रक. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, तू गाडीत बसू नकोस. मी निघाले."

मी बसले नाही. हवा भरायच्या यंत्रापाशी उभी राहिले. हे गाडीत, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मला दोनदा हाक मारली, नावानं. मी ओ दिली नाही. आता हे निघतात की काय, या भीतीनं डोळे मिटून घेतले. इंजिन चालू झालं नाही.

पोरगी टॅक्सीनं आली. ऑफिसातून तशीच, गळ्यात ओळखपत्र. मला वाटलं आता आकाशपाताळ एक करेल. तिनं यांचं दार उघडलं आणि नुसता हात पुढे केला. यांनी तिच्या हातात चावी ठेवली. मग हे उतरले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. मीही मागेच बसले, यांच्या शेजारी. एक सिग्नल लागला, पोरगी थांबली, हिरवा झाल्यावर निघाली. माझी बोटं आपसूक हलत होती. मी ती पदरात गुंडाळली.

घरी आल्यावर हे न जेवता झोपले. माझ्याशी एक अक्षर नाही. मी यांना पोरीसमोर उघडं पाडलं. आता उरलेला जन्म हा अबोला घेऊन काढायचा, असं दिसतंय.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

पोरगी कामावर गेली. चहा घेऊन गेले, तर हे जागे. म्हणाले, "बरं केलंस फोन केलास. मला नाही जमला."

म्हणजे?

पहिल्याच संध्याकाळी, समुद्रावर, मी अंघोळीला गेले होते तेव्हा हे पोरीला फोन लावत होते. मला येऊन घेऊन जा, म्हणून. म्हटलं, मग मला का नाही सांगितलंत लावून द्यायला? तर म्हणे, "कुठल्या तोंडानं? शपथ मीच घातलेली." पोरीनं दिलेला हा गुळगुळीत काचेचा फोन, त्यावर आकडे दिसेनात. अंदाजानं दाबले.

"लागला, पण कुणी भलतीच बाई होती. कोण पाहिजे म्हणाली. म्हटलं, माझी मुलगी. ती म्हणाली, मी नाही हो."