ओसरीची सैल फळी

१४ ऑक्टोबर, सोमवार

कारखाना सुटला की मंडळी ओसरीवर हजर! युलिसची गिटार, ॲल्सिडचं फिडल, आणि फेल्टन, तीनशे पौंडांचा ऐवज, झोपाळ्याजवळच्या सैल फळीवर पाय आपटतो. खाली पोकळी. असा घुमारा उठतो की कपाटातल्या बशा थरथरतात. त्यावर युलिसचं रॅप. त्याची आई, माझी बहीण, गेली तेव्हापासून तो माझ्याकडे. आता चौतिशीचा घोडा, तरी ओला टॉवेल खुर्चीवरच!

धर्ममाय मी एकट्या युलिसची, पण ‘नॅनन’ म्हणतात सगळेच. फेल्टनच्या तोंडून आज शिवी गेली.

“नॅनन, यमकासाठी होती!”

“मग दुसरं शोध.”

शोधलं. शिवीच्या जागी ‘भेंडी’! कडवं उलट सुधारलं.

कॉन्व्हेंटात सिस्टर अँजेलीन पट्टी आपटून कविता पाठ करून घ्यायच्या. ताल हाच होता. आता ऐकायला त्या हव्या होत्या.

१६ ऑक्टोबर, बुधवार

रविवारी अटलांटाहून कोणी रेकॉर्ड काढणारे प्रेंटिससाहेब पोरांना ऐकायला येणार. आवडलं तर तिघांनाही घेऊन जाणार. युलिस कांदा चिरतानाही गुणगुणत होता. मी म्हटलं, “छान.” एवढंच.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

पाहुणा अडखळायला नको म्हणून सैल फळी मीच ठोकली. चांगले लांब खिळे मारले!

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

अनर्थ! फेल्टनने पाय आपटला — थप्प. चिखलात बटाटा पडावा तसा.

“फळी मेली!” ॲल्सिड ओरडला.

“नॅनन, काय केलंस?”

“दुरुस्ती.”

मग घंगाळ बडवून झालं, ट्रंक झाली, खुराड्याचं दारही झालं. कोंबड्या आता आठवडाभर अंडी देत नाहीत! घुमारा मात्र कशालाच नाही.

“खिळे काढू?” युलिसने विचारलं.

“हात लावायचा नाही! पाहुण्याचा पाय मोडला तर?”

माझा शब्द मोडत नाही पोरगा.

पाहुण्याच्या पायाची मला एवढी काळजी कधीपासून? खिळे राहिले तर युलिस राहील. लिहून टाकलं. आता मला माझ्यापासून लपवता येणार नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

प्रार्थनेला बसले. मागायचं काय तेच ठरेना.

दुपारी ते तिघे बाजारात गेले तेव्हा हातोडी घेऊन गुडघ्यांवर बसले. शेवटचा खिळा काही केल्या हलेना. त्याला अशी शिवी हासडली की सिस्टर थडग्यात उठून बसल्या असतील. निघाला!

२० ऑक्टोबर, रविवार

फेल्टनचा पाय पडला आणि साहेबांची कॉफी बशीत.

“हा आवाज कुठल्या यंत्राचा?”

“माझ्या आईच्या हातच्या जेवणाचा,” फेल्टन म्हणाला.

नेणार! युलिसने मला उचलून गरगर फिरवलं. म्हातारीची हाडं आहेत, गाढवा!

२३ ऑक्टोबर, बुधवार

गेले. फळीही उपटून नेली. ओसरीचा दात पडलाय.

उसाचे ट्रक जातात, तेवढाच आवाज.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

युलिसचा फोन. अटलांटात फळी वाजतच नाही, नुसतं लाकूड! साहेब विचारतात, बाकीची ओसरी विकत द्याल का?

“ओसरी हलणार नाही. त्यांना म्हणावं, तुम्ही हला.”

शनिवारी सगळे इथेच रेकॉर्डिंगला येताहेत. नऊ माणसं. महिनाभर मुक्काम!